आपल्यासारखी माणसं हवीत? मग सगळ्यांना दिसेल असं लिहा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठंही जावा, एक तक्रार हमखास ऐकू येते की मला ज्यात रस आहे त्यावर बोलायला इथं कुणीच नाही. जुनी देवळं असू देत, वटवाघळं असू देत, भाताच्या जुन्या जाती असू देत. माणसं असतात हो, पण त्यांना तुम्ही दिसत नाही आणि तुम्हाला ती दिसत नाहीत, कारण आपण जे काय लिहितो ते व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर, तिथं दुपारी टाकलेलं रात्रीपर्यंत गुड नाइटच्या फोटोंखाली गाडलं जातं आणि सर्चमध्ये तर ते कधीच येत नाही. तेव्हा पहिलं काम, लिहाल ते पब्लिक ठेवा. फेसबुकवर लिहीत असाल तर टाकण्याआधी सेटिंग बघा, फ्रेंड्सवर असेल तर त्या एका पोस्टपुरतं पब्लिक करा, घरचे फोटो राहू देत फ्रेंड्सवरच.

आता लिहायचं काय. खानापूर तालुक्यातल्या हळशी गावाचं उदाहरण घ्या. 'हळशीचं मंदिर अप्रतिम आहे, एकदा नक्की भेट द्या' असं लिहिलं तर ओळखीचे सगळे लाइक देतील आणि पुढं जातील, त्यात बोलण्यासारखं काही नाहीच ना. त्यापेक्षा असं लिहून बघा: 'हळशीच्या भूवराह नरसिंह मंदिरात दोन गाभारे समोरासमोर आहेत. देगावच्या कमलनारायण मंदिरात मात्र तीन गाभारे एका ओळीत. दोन्ही गोव्याच्या कदंब राजांच्या काळातली, १२व्या शतकातली. मग मांडणीत एवढा फरक का? कुणी ह्यावर वाचलंय का?' हे वाचून शंभरातले नव्व्याण्णव जण निघून जातील, जाऊ देत. जो त्या दोन गाभाऱ्यांच्या मधोमध उभं राहून इकडं तिकडं बघून आलाय तो मात्र थांबणारच, आणि आपल्याला तोच पाहिजे. प्रश्न खरा पाहिजे पण, तुम्हाला स्वतःला उत्तर हवंय असा. 'तुमचं मत काय?' एवढंच शेवटी चिकटवलं तर लोक ओळखतात.

आणि नावं नीट घाला, ह्याकडं कुणी लक्षच देत नाही. सरकारी नाव २०१४ मध्ये बदलून बेळगावी झालं, आपण बेळगाव म्हणतो, जुन्या इंग्रजी कागदांत बेलगाम. शोधणारा कुठलं टाकेल सांगता येत नाही, तर मजकुरात दोन-तीन रूपं सहज येऊ देत. नुसतं खानापूर लिहू नका, सांगली जिल्ह्यातही खानापूर तालुका आहे, खानापूर, बेळगाव असं लिहा. फोटोवर मजकूर छापून टाकायची पद्धत आहे आपल्याकडं, ती सोडा, सर्चसाठी अक्षरं टाइपच करा.

तुमची माणसं फक्त मराठीच असतील असंही धरून चालू नका. कदंबांचा विषय काढला तर धारवाडचा कन्नड वाचकही येईल आणि पणजीतला कोकणीही. शेवटी दोन ओळी कन्नडमध्ये घाला, लिहिता येत नसेल तर शेजारच्या कुणाकडून तरी तपासून घ्या, मशीनचं भाषांतर तसंच्या तसं टाकू नका. खाली कुणीतरी सीमाप्रश्न काढणारच, आपल्या भागात ते टळत नाही. तुमचं जे मत असेल ते ठामपणे वेगळं लिहा, पण देवळाच्या चर्चेत भांडण सुरू झालं की ज्याला खरंच काही सांगायचंय तोच पहिला निघून जातो. एकदा नीट उत्तर द्या आणि परत गाभाऱ्यावर या.

पहिल्या महिन्यात कुणी आलं नाही तरी लिहीत राहा, ह्या जुन्या गोष्टी लोक वर्षभरानंही शोधतात. मधल्या काळात दुसऱ्यांचं वाचा आणि 'छान' म्हणून सोडून देऊ नका, त्यांनी न लिहिलेल्या एखाद्या तपशिलाची त्यात भर घाला. माझ्या मते ओळखी स्वतःच्या पोस्टपेक्षा अशाच जास्त होतात.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. निसर्गावर लिहीत असाल तर नेमकी जागा देऊ नका. खानापूर तालुक्यातल्या भीमगड अभयारण्यातल्या बारापेडे गुहांमधली वटवाघळं घ्या, ती जात जगाला पहिल्यांदा कळली ती ह्याच गुहांमुळं. तिथला रस्ता आणि लोकेशन टाकलं तर आपल्यासारखी माणसं येतील न येतील, रील करणारी गर्दी नक्की येईल. वर्तन लिहा, ऋतू लिहा, वनखात्याच्या परवानगीचं लिहा. ज्याला खरंच आस्था आहे तो मेसेज करून विचारेल, त्याचं आधीचं लिखाण वाचा आणि मग ठरवा.

भेटायची वेळ आली की पहिल्यांदा चारचौघांत भेटा. बेळगावात सार्वजनिक वाचनालय आहे, नाहीतर किल्ला तलावाच्या काठी. थंडीत कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदीकडं साहित्य संमेलनं होतात, तिथं ठरवून भेटणं सगळ्यात सोपं, गर्दी असते आणि बोलायला विषयही असतो. फोन नंबर पब्लिकमध्ये टाकू नका, मेसेजवरच घ्या-द्या. सूर जुळला तर मग खानापूरहून नंदगडमार्गे हळशीला एकत्र जावा, आणि परत आल्यावर त्यांनी काय दाखवलं ते त्यांना विचारून नावानिशी लिहा, वाचून तिसरा माणूस येतो तो त्यामुळंच.