इंका ट्रेल मित्रांसोबत करताना: आधी दुसरा दिवस बघा

पेरूमधल्या इंका ट्रेलचं, म्हणजे माचू पिच्चूला पोचणाऱ्या इंकांच्या जुन्या पायवाटेचं ठरलं की सगळे माचू पिच्चूचे फोटो बघत बसतात. तुम्ही आधी दुसऱ्या दिवसाचा चढ बघा. चार दिवसांत साधारण 42 किलोमीटर हे अंतर फार नाही. पण दुसऱ्या दिवशी सुमारे 3,000 मीटरवरून 4,215 मीटरवरच्या वार्मीवान्युस्का खिंडीत चढायचं आणि पाय थरथरत असतानाच पाकायमायोच्या तळापर्यंत सहाशे मीटर उतरायचं असतं. आम्ही पाच जण होतो. सगळी तयारी या एका दिवसासाठी केली आणि बाकीचे तीन दिवस त्यात आपोआप बसले.

परवान्याचं काम सगळ्यात आधी उरका. या वाटेवर दिवसाला 500 माणसांनाच सोडतात, त्यातही गाइड आणि पोर्टर धरलेले. आपलं आपण जाता येत नाही, परवानाधारक कंपनीमार्फतच जावं लागतं. मे ते ऑगस्टच्या तारखा कित्येक महिने आधी संपतात आणि फेब्रुवारीत वाट बंद असते. परवान्यावर पासपोर्टचा नंबर असतो आणि ट्रेल जिथे सुरू होते त्या किलोमीटर 82 च्या चौकीत मूळ पासपोर्ट ताडून बघतात. आमच्यातल्या एकाने बुकिंगनंतर पासपोर्ट नवा केला होता. जुनाही सोबत ठेवला म्हणून निभावलं.

आता उंची. विमान उतरतं ते कुस्को शहर 3,400 मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून वर. विमानातून उतरलात की तिथेच राहू नका. थेट ओयान्तायताम्बोला जा. ते सुमारे 2,800 मीटरवर आहे आणि ट्रेलची सुरुवातही तिथून जवळ पडते. दोन रात्री तिथे झोपा, मग कुस्को बघा. डायमॉक्स, म्हणजे उंचीचा त्रास टाळायची गोळी, घ्यायची की नाही हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. घेतलीत तर बोटांना मुंग्या येतात आणि लघवीला वारंवार जावं लागतं, त्याने घाबरू नका. कोकाच्या पानांचा चहा तिथे सगळीकडे मिळतो, खुशाल प्या. पण पानं सामानात घालून आणू नका, भारतात ती बेकायदा आहेत.

सराव म्हणाल तर जिने. तीन महिने, पाठीवर सहा-सात किलोची सॅक घेऊन. आणि लिफ्टने खाली येऊ नका, उतरणं हाच खरा सराव आहे.

चालताना आमचा एकच नियम होता, सगळ्यात हळू चालणारा पुढे. बोलता बोलता वाक्य पुरं करता येईना, की वेग कमी करायचा. शिवाय दुपारी आणि रात्री जेवताना प्रत्येकाने चार गोष्टी सांगायच्या: डोकं, पोट, झोप, पाय. हा नियम आम्ही पहिल्याच संध्याकाळी केला असता तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आमची मैत्रीण गप्प गप्प होती. डबा उघडून तिने दोन घास खाल्ले आणि झाकण लावून टाकलं. पहाटेपासून डोकं ठणकत होतं, पण आपल्यामुळे सगळे अडकतील म्हणून ती बोलली नव्हती. गाइडने तिला तासभर बसवलं, पाणी पाजलं, डोकेदुखी उतरल्यावरच पुढे काढलं. डोकेदुखी वाढत असेल तर वर जायचं नाही. तोल जाऊ लागला, बोलणं विस्कळीत झालं, तर त्याच क्षणी खाली न्यायचं. हे पाचही जणांना तोंडपाठ हवं.

खिंडीत वारा इतका की घाम दोन मिनिटांत गार पडतो. फोटो काढायच्या आधी जॅकेट चढवा. मग उतार. पायऱ्या इंकांनी बसवलेल्या दगडांच्या, एक वीतभर तर दुसरी गुडघ्याएवढी, आणि कडा झिजून गुळगुळीत झालेल्या. काठ्या थोड्या लांब करा. टोकांना रबर हवंच, नाहीतर दगड खरवडले जातात म्हणून अडवतात. बुटाची नाडी घोट्यापाशी करकचून बांधा, म्हणजे पाय पुढे सरकून अंगठे आपटत नाहीत. पायाची नखं घरूनच कापून जा. मी कापली नव्हती, दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली.

मागून पोर्टर आले की डोंगराच्या बाजूला सरून थांबा, दरीच्या बाजूला नाही. तंबू आणि भांडी पाठीवर घेऊन ही माणसं आपल्या आधी तळावर पोचतात. ‘सुल्पायकी’ हा त्यांच्या केचुआ भाषेतला आभाराचा शब्द शिकून जा. बक्षिसीसाठी सोलच्या (पेरूचं चलन) सुट्या नोटा आधीच वेगळ्या ठेवा.

तिसऱ्या दिवशी घाई करू नका, बरेचसे अवशेष इथेच आहेत. गोल भिंतींचं रुंकुराकाय, मग अरुंद जिन्याने चढून जायचं सायाकमार्का, पुढे ढगांतलं फुयुपातामार्का. तिथे दगडी कुंडांची ओळ आहे, एकातून दुसऱ्यात पाणी अजून वाहतं. बसा, ऐका. संध्याकाळी तंबूत आडवं व्हायच्या आधी विन्याय वाय्नाला जाऊन या. उतारावर वळत गेलेले शेतीचे दगडी बांध बघताना मला माचू पिच्चूची आठवणही राहिली नव्हती.

शेवटच्या दिवशी साडेतीनला उठवतात आणि चौकी साडेपाचला उघडते. तोवर अंधारात रांगेत बसायचं, म्हणून गरम टोपी वरच्याच कप्प्यात ठेवा. इंतिपुंकूच्या, म्हणजे माचू पिच्चूच्या वरच्या सूर्यद्वाराच्या आधी खड्या पायऱ्यांचा एक छोटा चढ येतो, तिथे काठ्या सॅकला बांधून हात मोकळे ठेवा. वर पोचलात आणि खाली नुसतं धुकं दिसलं तर लगेच उतरू नका. आम्ही पाच जण एकाच दगडी ओट्यावर दाटीवाटीने बसलो होतो, पाऊण तासाने धुकं फाटलं आणि आधी माचू पिच्चूमागच्या वायना पिच्चू डोंगराचं टोक दिसलं, मग त्याच्या पायथ्याच्या भिंती.