उद्योजकाच्या चरित्रपटावरील प्रेक्षकांचे मत कसे टिपावे

जळगाव किंवा भुसावळला एखाद्या तंत्रज्ञान-उद्योजकाचा चरित्रपट दाखवून झाल्यावर प्रेक्षकांची मते टिपायची असतील, तर दिवे लागताच ‘आवडला का?’ असे विचारू नये, कारण त्यावर ‘छान होता’ याखेरीज काही हाती लागत नाही. त्याऐवजी ‘कोणता प्रसंग अजून डोळ्यांसमोर आहे?’ असे विचारावे आणि उत्तर येईपर्यंत शांतपणे थांबावे.

‘स्टीव्ह जॉब्स’ या 2015 सालच्या चित्रपटाचे उदाहरण घ्या. त्याची सगळी कथा 1984, 1988 आणि 1998 या वर्षांतील तीन उत्पादनांच्या अनावरणापूर्वीच्या काही मिनिटांत घडते. म्हणून ‘खरेच असे घडले का?’ ही शंका प्रेक्षक काढणारच. तेव्हा रचना लेखकाची आहे, हे आधी सांगून टाकावे. सर्वांत जिवंत प्रतिक्रिया मात्र यंत्रांविषयी नसतात. नायक आपल्या मुलीचे पितृत्व नाकारतो, तिथे केळीच्या व्यापारात आयुष्य घालवलेले एखादे आजोबा पुढे झुकून ‘हाऊ बाप पोरले काबर नाकारस?’ म्हणाले, तर ते वाक्य अहिराणीतच उतरवावे. प्रमाण मराठीत नेल्यास त्यातला जीव जातो, असे माझे ठाम मत आहे.

वय आणि व्यवसाय शेजारी लिहावा, नाव नको. पटकथेविषयीचे मत आणि खऱ्या माणसाविषयीचे मत वेगवेगळ्या रकान्यांत ठेवावे, आणि मध्येच उठून गेलेल्यांनाही दाराशी थांबवून कारण आवर्जून विचारावे.