हरभऱ्याची हाक ऐकून मित्रकीटक यावेत म्हणून काय करावं

गवत कापलं की जो हिरवा वास सुटतो तो आपल्याला प्रसन्न वाटतो. खरं तर तो जखमेचा वास आहे. पान फाटलं की काही क्षणांत तो हवेत पसरतो. पण पान फाडणारी अळी असेल तर झाड तेवढ्यावर थांबत नाही. अळीची लाळ जखमेत मिसळते, झाड ती ओळखतं आणि काही तासांत वेगळ्याच वासांचं मिश्रण सोडू लागतं. हा वास न कुरतडलेल्या पानांतूनही येतो. अळ्यांच्या अंगात अंडी घालणाऱ्या बारीक माश्यांना तो बरोबर कळतो.

१९९० साली अमेरिकेत टर्लिंग्ज, टमलिन्सन आणि लुईस या शास्त्रज्ञांनी मक्याच्या रोपांवर हे दाखवून दिलं. रोपाला नुसती जखम केली तर माशीला ओढणारा वास फारसा सुटत नव्हता. त्याच जखमेवर अळीच्या तोंडातलं पाणी लावलं की सुटत होता. १९९७ मध्ये त्या पाण्यातला नेमका पदार्थही सापडला, त्याला व्होलिसिटिन म्हणतात. पुढे २००१ मध्ये अमेरिकेतल्याच युटा राज्यात रानटी तंबाखूवर उघड्या माळावर प्रयोग झाले. असे वास सोडल्यामुळे झाडावरच्या किडींची संख्या ९० टक्क्यांहून जास्त घटू शकते, असं त्यात दिसलं.

आपल्याकडे हरभऱ्याचे घाटे पोखरणाऱ्या घाटेअळीच्या मागावर असणारी अशीच एक माशी आहे, कॅम्पोलेटिस. सडपातळ, काळपट, मुंगीला पंख फुटल्यासारखी. हरभऱ्यात ती आपोआप येते, विकत आणावी लागत नाही. घाटेअळीनं कुरतडलेल्या मक्याच्या वासाकडे ती ओढली जाते, हे चीनमधल्या प्रयोगांत दिसलं आहे. सिस-जास्मोन नावाचा वास टिपणारा खास संवेदकही तिच्या अंगात सापडला आहे. चमेलीच्या अत्तरात असतो तोच हा वास.

म्हणजे हाक मारायचं काम झाड स्वतःच करतं. ती हाक ऐकणारं कुणीतरी जवळपास असावं आणि आलेलं कुणी मरू नये, एवढंच आपल्या हातात आहे.

पेरणीच्या दिवशीच धणे पेरा

ही पायरी चुकली तर पुढचं सगळं अर्धवट राहतं. अळी हे माशीच्या पिल्लाचं अन्न. मोठी माशी स्वतः फुलांतल्या मधावर जगते. तिचं तोंड आखूड असतं, त्यामुळे खोल फुलांतला मध तिला मिळत नाही. कोथिंबीर, शेपू, बडीशेप यांची छत्रीसारखी पसरट फुलं तिच्यासाठी सगळ्यात सोयीची, कारण त्यांचा मध उघड्यावर असतो.

धणे रगडून दोन फाकी करा आणि हरभऱ्याबरोबरच, त्याच दिवशी पेरा. मी दर आठ ओळींनंतर एक ओळ धण्यांची घेतो आणि चारही बांधांच्या कडेनं एकेक. उशिरा पेरलेल्या धण्यांचा या कामी उपयोग नाही. अळी येईपर्यंत ते फुलोऱ्यावर यायला हवेत. थोडा शेपूही मिसळा, म्हणजे फुलं एकदम न येता मागेपुढे येत राहतात.

इथे एक मोह टाळावा लागतो. कोथिंबिरीला भाव असला की सगळीच उपटून बाजारात न्यावीशी वाटते. निम्मी न्या, निम्मी फुलू द्या.

हरभऱ्यासोबत ज्वारीचे थोडे दाणेही विस्कटून टाका. ताटं वर आली की चिमण्या, कोतवाल त्यावर बसतात आणि अळ्या टिपतात.

पहिली फवारणी रोखून धरा

पहिल्या अळ्या दिसल्या की हात पंपाकडे जातो. माझाही जायचा. एका वर्षी दुकानदाराच्या सांगण्यावरून फुलोऱ्याआधीच कडक औषध मारलं. आठ दिवस शेत स्वच्छ दिसलं. मग अळ्या परत आल्या आणि त्या वर्षी माशीचा एकही कोष पानावर दिसला नाही. अळीची पुढची पिढी बाहेरून उडत आलेल्या पतंगांमुळे लगेच उभी राहते. माशी मात्र अळीच्या मागोमाग येते, म्हणून तिला वेळ द्यावा लागतो.

कॅम्पोलेटिस लहान अळीतच अंडं घालते, बोटाएवढ्या मोठ्या अळीत नाही. म्हणून कोवळ्या अळ्या दिसतात तेच दिवस तिच्या कामाचे. एक मीटर ओळीत सरासरी एकही अळी भरत नसेल तर थांबा. एक-दोन भरू लागल्या तर पुढच्या पायऱ्या घ्या.

भिंग घेऊन सकाळी शेतात बसा

फिरू नका, बसा. दहा-वीस झाडं निवडून त्यांना रंगीत दोरा बांधा आणि दर तीन-चार दिवसांनी तीच झाडं पाहा. अळ्या मोजाच, पण कोषही मोजा. कॅम्पोलेटिसचा कोष जिऱ्यापेक्षा थोडा मोठा, करडा-पांढुरका आणि त्यावर काळपट ठिपके असलेला असतो. पानाला किंवा घाट्याच्या देठाला तो चिकटलेला असतो. शेजारी सुरकुतलेली, पोकळ अळीची कात दिसते. माशीचं पिल्लू आतून खाऊन बाहेर पडलं आणि तिथेच त्यानं कोष विणला, असा त्याचा अर्थ. पहिल्यांदा नजरेला पडत नाही. एकदा दिसला की मग दिसतच राहतो.

अळ्या आणि कोष दोन्हींची नोंद वहीत ठेवा. कोष वाढत असतील आणि अळ्या तेवढ्याच किंवा कमी असतील, तर हाकेला माशी आली आहे. कोष एकही नाही आणि अळ्या चढत्या असतील, तर वाट पाहणं थांबवा.

ट्रायकोकार्ड हरभऱ्यात लावू नका

ट्रायकोकार्ड म्हणजे ट्रायकोग्रामा या बारीक मित्रमाशीची पिल्लं ज्यांत वाढतात ती अंडी चिकटवलेलं कार्ड. ऊस, मका यांच्यासाठी ते चांगलं. हरभऱ्याची गोष्ट वेगळी आहे आणि कारण झाडाच्या रसायनातच आहे. हरभऱ्याच्या लवेतून आंब पाझरते, जिभेला लागली की झोंबते ती. त्यात मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्लं असतात. आंब अळीला त्रास देते, पण ट्रायकोग्रामाची माशी टाचणीच्या टोकाएवढी असते. आंबट, चिकट पानावर ती धड चालूच शकत नाही. कॅम्पोलेटिस त्या मानानं मोठी, ती निभावून नेते. झाडाचं एक संरक्षण दुसऱ्याच्या आड येतं ते असं, आणि कार्डावरचे पैसे वाया जातात.

मित्रकीटकांना ओढणाऱ्या वासाच्या कुप्याही मिळतात, त्यांत बहुधा मिथाइल सॅलिसिलेट असतं. शेतात फुलं नसतील तर त्या लावू नका. जेवायला बोलावून ताट रिकामं ठेवल्यासारखं होतं ते.

फवारायचंच असेल तर

आधी ५ टक्के निंबोळी अर्क. त्यानंतर घाटेअळीचा विषाणू, एचएएनपीव्ही. तो घाटेअळीलाच रोगी करतो, माशीला नाही. उन्हात तो लवकर निकामी होतो, म्हणून दिवस मावळताना मारा. संध्याकाळचा दुसराही फायदा आहे. मक्यात हे वास मुख्यतः दिवसा उजेडात सुटतात आणि माश्याही उजेडीच हिंडतात, त्यामुळे मावळतीची फवारणी त्यांच्या आड येत नाही. धण्यांच्या ओळी मात्र फवारणीतून वगळा. रासायनिक औषधाची वेळ आलीच, तर अळ्या जास्त असतील तेवढाच पट्टा फवारा.

बियाण्याकडेही लक्ष ठेवा

सगळी वाणं सारखी हाक मारत नाहीत. केनियातल्या संशोधकांनी मक्यात पाहिलं, की लॅटिन अमेरिकेतली काही जुनी देशी वाणं खोडकिड्यानं नुसती अंडी घातली तरी माश्यांना बोलावू लागतात. त्यांनी तपासलेल्या संकरित वाणांत हा गुण नव्हता. हरभऱ्याच्या बाबतीत आपण स्वतःच पाहू शकतो. घरात जुनं बियाणं असेल तर चार ओळी शेजारी लावा आणि दोन्हीकडचे कोष मोजा.

काही कोष वाचवून ठेवा

काढणीआधी दहा-पंधरा कोष पानासकट खुडा आणि रुंद तोंडाच्या बाटलीत घाला. तोंडाला मलमलचं फडकं बांधा आणि बाटली सावलीत ठेवा. आठवडाभर रोज पाहा. कोषाच्या टोकाला गोल भोक पाडून माशी बाहेर येते आणि काचेवर मिशा हलवत चढू लागते. सकाळी बाटली शेवटच्या फुललेल्या धण्यांपाशी आडवी ठेवा आणि फडकं सोडा.