र्‍योकानमध्ये राहायला जाताय? या चुका टाळा

मार्च उजाडला की माझा फोन थांबत नाही. साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, बघायला येणारे नातेवाईक, नातेवाइकांचे शेजारी, शेजाऱ्यांच्या भिशीतल्या मैत्रिणी. तोक्योत निशी-कासाईला राहायचं म्हणजे हे आलंच. प्रत्येकाच्या यादीत एक ओळ ठरलेली: "एक रात्र ते जपानी पद्धतीचं, गरम पाण्याचं हॉटेल." 'एक रात्र'बद्दल माझी तक्रार नाही. घोळ 'हॉटेल' या शब्दापासून सुरू होतो. ते र्‍योकान असतं, जुन्या जपानी पद्धतीचं पाहुणघर.

उशिरा पोचणं

ही माझ्या मते सगळ्यात वाईट चूक, आणि आपली माणसं ती हौसेनं करतात. र्‍योकानचे पैसे बहुतेक ठिकाणी माणशी असतात आणि त्यात रात्रीचं जेवण आणि सकाळची न्याहारी धरलेली असते. त्याला 'इप्पाकु निशोकु' म्हणतात, एक मुक्काम दोन जेवणं. खोली साधारण तीनला मिळते, जेवण सहा-साडेसहाला. काइसेकी जेवणात आठ-दहा पदार्थ एकामागून एक येतात, आणि तुमचा मासा कधी भाजायचा, भात कधी लावायचा हे तुमच्या वेळेवर ठरलेलं असतं. कोकणात कुणी "जेवायला या" म्हटलं, पानं मांडली, आणि आपण दोन तासांनी उगवलो, तर कसं वाटेल?

आमच्या काकांना हे मी तीनदा सांगितलं होतं. ते पुण्याहून पंधरा दिवसांचं वेळापत्रक छापून घेऊन आले होते. हाकोनेच्या, म्हणजे र्‍योकानच्या दिवशी त्यात शिंजुकूत कॅमेऱ्याची खरेदी, आशी सरोवरातली बोट, रोपवे, आणि ओवाकुदानीची गंधकाच्या पाण्यात उकडलेली काळी अंडी होती. एक अंडं खाल्लं की आयुष्य सात वर्षांनी वाढतं म्हणतात. शिंजुकूहून रोमान्सकार गाडी दीड तासात पोचवते, पण कॅमेऱ्याच्या दुकानातून काकांना बाहेर काढेपर्यंत दुपार झाली. शेवटच्या बोटीनं पलीकडे उतरलो तेव्हा रोपवे बंद झाला होता. मग बसची वाट, मग टॅक्सीची वाट. अंडं राहिलंच, आयुष्य होतं तेवढंच राहिलं.

मी पाच वाजता फोन केला होता. पलीकडून "सो देसु का..." ("असं का...") एवढंच आलं आणि मग शांतता. जपानी माणसाची ती शांतता मला शिवीपेक्षा जास्त लागते. पावणेआठला पोचलो तर दारात नाकाई-सान, म्हणजे खोलीची आणि जेवणाची व्यवस्था बघणाऱ्या बाई, गुडघ्यांवर बसून वाट बघत होत्या. स्वयंपाकघर आवरलं होतं. त्यांनी ओनिगिरी म्हणजे भाताचे गोळे, खारवलेल्या भाज्या आणि चहा आणून दिला, आणि उलट आमचीच माफी मागितली. काका मला म्हणाले, "जेवणाचे पैसे परत देतात का, विचार ना." मी वाकून जपानीत म्हणाले, "उशीर झाला, मनापासून क्षमा करा." काका आजही समजतात की मी विचारलं होतं आणि त्या नाही म्हणाल्या.

तेव्हापासून माझा नियम: र्‍योकानच्या दिवशी दुसरं काही नाही. साडेतीनला दारात, चारला पाण्यात. मोठ्या बॅगा ताक्क्युबिननं, म्हणजे सामानाच्या कुरियरनं, परस्पर पुढच्या शहरातल्या हॉटेलवर पाठवायच्या आणि एका रात्रीची पिशवी घेऊन निघायचं. 'एका दिवसात हाकोने आणि फुजी' असल्या धावपळीत र्‍योकान कोंबणाऱ्यांनी स्टेशनजवळचं बिझनेस हॉटेल घ्यावं. स्वस्त पडेल आणि कुणाचा भात फुकट जाणार नाही.

"आम्ही शाकाहारी" हे दारात सांगणं

दुसरी माझी आवडती चूक. आतेबहिणीनं आरक्षण करताना काही कळवलं नाही. पोचल्यावर "नो मीट, नो फिश" म्हणाली आणि निवांत झाली. स्वयंपाक्यानं बिचाऱ्यानं साशिमी काढली, भाजलेला मासा काढला. उरलेल्या ताटात मिसो सूप, शिजवलेला मुळा, अंड्याचं चावानमुशी. तिनं चाटूनपुसून खाल्लं आणि "किती वेगळी चव!" म्हणाली. ती चव दाशीची होती. दाशी म्हणजे उकळून काढलेला अर्क, जपानी स्वयंपाकाचा पायाच, आणि तो बहुतेक वेळा कात्सुओबुशीचा असतो: धुरी देऊन, वाळवून लाकडासारख्या टणक केलेल्या माशाचा कीस. मुळ्याच्या फोडीत मासा दिसत नाही, पण असतो. मी तिला ते सांगितलं नाही. सांगायला हवं होतं की नको, यावर माझं अजून ठरलेलं नाही.

सांगायचं असेल तर आरक्षणाच्या वेळीच, जपानीत, लेखी. मी हे वाक्य पाठवते: "निकु मो साकाना मो ताबेरारेमासेन. कात्सुओ-दाशी मो ताबेरारेमासेन." मांस नाही, मासे नाहीत, माशाची दाशीही नाही. अंडं-दूध चालतं का तेही लिहायचं. कोम्बु म्हणजे समुद्री शेवाळ आणि वाळवलेल्या शिइताके अळंब्यांची दाशी करता येते, पण ती आधीपासून ठरवावी लागते. निघायच्या तीन दिवस आधी मी पुन्हा फोन करते. ते "जमणार नाही" म्हणाले तर वाद घालू नका. प्रामाणिक नकार दिलाय म्हणून आभार माना आणि फक्त खोली घ्या. त्याला 'सुदोमारी' म्हणतात. कांदा-लसूणही नको असेल तर कोयासान डोंगरावरच्या बौद्ध देवळांत मुक्काम करा. तिथलं भिक्षूंचं शाकाहारी शोजिन र्‍योरी तुमच्यासाठीच आहे, फक्त बहुतेक ठिकाणी गरम झरा नसेल. आणि तातामीवर ठेपले-लोणचं उघडून बसू नका. तेल त्या गवताच्या चटईत मुरतं, निघत नाही.

अंग न धुता पाण्यात उतरणं

याबद्दल इतकं लिहून झालंय तरी दर खेपेला कुणीतरी सरळ हौदाकडे चालू लागतं. हौद अंग धुवायला नसतो. आधी बाजूच्या नळासमोर बुटक्या स्टुलावर बसून साबणानं स्वच्छ आंघोळ करायची आणि फेसाचा ठिपकाही न ठेवता मग उतरायचं. खरं तर आजीच्या न्हाणीत पाटावर बसून तांब्यानं आंघोळ केलेल्याला हे उपजत यावं. शॉवरखाली वाढलेली पिढीच उभ्यानं पाणी उडवते आणि शेजारच्या आजीबाईंना भिजवते.

वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांत आपण कपड्यांनिशी उतरतो. इथे कपडे नाहीत, स्विमसूटही नाही. छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, डोक्यावर ठेवायचा. केस वर बांधायचे. लाज वाटत असेल तर घरच्यांपुरता वेळ राखून मिळणारा हौद विचारा, 'काशिकिरी' म्हणतात. लाजण्यात काही चूक नाही. चड्डी घालून उतरण्यात आहे.

पाणी साधारण 40 ते 42 अंश असतं. पहिल्यांदा पाच मिनिटं पुरे. "पैसे दिलेत" म्हणून अर्धा तास बसलेल्या एका काकूंना मी कपडे बदलायच्या खोलीत पंख्यासमोर आडवं केलंय. जेवणात साके घेऊन पुन्हा पाण्यात जाऊ नका, रक्तदाबवाल्यांनी तर मुळीच नाही.

जोडवी, पैंजण, चांदीचं काहीही आधीच काढा. गंधकाच्या पाण्यात काळंठिक्कर पडतं. कुसात्सूचं पाणी तर लिंबाच्या रसासारखं आम्लधर्मी आहे. तिथे बाहेर आल्यावर नाजूक कातडीवाल्यांनी साधं पाणी घ्यावं.

बाकीच्या भराभर

युकाताची, म्हणजे तिथे घालायच्या सुती झग्याची, डावी बाजू उजवीवर यायला हवी. उलटं फक्त मृताला नेसवतात. फोटो काढायच्या आधी एकमेकींना तपासा.

संडासातल्या चपला संडासातच. तातामीवर कुठलीच चपल नाही, बॅगेची चाकंही नाहीत.

भिंतीतला तो सुंदर कोनाडा, जिथे चित्र आणि फूल असतं, तो सामान ठेवायचा कट्टा नाही.

बऱ्याच ठिकाणी पुरुषांचा आणि बायकांचा हौद रात्रीतून बदलतात. काल डावीकडे गेलात म्हणून सकाळी झोपेत डावीकडे जाऊ नका. दारावरचा पडदा वाचा. अक्षराच्या वरच्या भागात चार तावदानांच्या खिडकीसारखी चौकट दिसली तर तो पुरुषांचा.

टीप देऊ नका. देणाऱ्याचा हात लांबलेला आणि घेणाऱ्याचा चेहरा अवघडलेला, हे मला बघवत नाही.

गोंदण असेल तर हौदात उतरता येईल का ते आधी विचारा.

न्याहारीची वेळही ठरलेली असते, आणि दहाला खोली सोडायची असते. म्हणून मी सहाला उठून एकटी पाण्यात जाते. हौदावर वाफ, बाहेर सीडर, आणि काका अजून झोपलेले.