खिडकीतल्या कुंड्यांत कोथिंबीर, पुदिना आणि कढीपत्ता टिकवताना

सदनिकेत राहून स्वयंपाकापुरती हिरवाई कुंड्यांत वाढवू पाहणाऱ्यांची तक्रार बहुधा एकच असते: रोपवाटिकेतून आणलेला टवटवीत पुदिना पंधरा दिवसांत काळवंडतो, कोथिंबीर वीतभर होते न होते तोच फुलावर येते आणि कढीपत्त्याची पाने पिवळी पडून गळतात. माझ्या अनुभवाप्रमाणे याचे मूळ कारण असे की, आपण तिन्ही कुंड्या एकाच खिडकीत मांडतो आणि रोज सकाळी सगळ्यांना सारखेच तांब्याभर पाणी घालतो. वास्तविक कोथिंबीर हे काही महिन्यांत आयुष्य संपवणारे हंगामी पीक आहे, पुदिना जमिनीलगत धावणाऱ्या खोडांनी पसरतो, आणि कढीपत्ता तर अंगणात दोन पुरुष उंच होणारे झाड आहे.

आधी पाण्याविषयी. कुंडीत पाणी साचले की मातीतील हवा निघून जाते व मुळे कुजू लागतात. कुजलेल्या मुळांना पाणी शोषता येत नसल्यामुळे रोप तहानेल्यासारखेच माना टाकते, आणि ते पाहून आपण आणखी पाणी ओततो. माझा पहिला पुदिना असाच ऐन पावसाळ्यात गेला. कुंडी उलटी केली तेव्हा चिकट गोळ्यासारखी माती बाहेर आली, तिला कुबट वास येत होता, आणि तपकिरी मूळ चिमटीत धरून ओढले की साल बोटांत राहून आत केवळ दोऱ्यासारखा धागा उरत होता. तेव्हापासून मी बोट दोन पेरे आत घालून पाहिल्याशिवाय पाणी घालत नाही. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, म्हणजे माती हाताला गार लागते पण बोटाला चिखल लागत नाही, तशी स्थिती असेल तर त्या दिवशी पाणी नको. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, अधिक असलेली कुंडी वरून कोरडी दिसते आणि आतून ओलीगच्च असते, म्हणून वरच्या थरावर विसंबू नये. कुंडीखालच्या ताटलीत उतरलेले पाणी लगेच ओतून टाकावे.

मातीसाठी दोन भाग बागेची माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग भिजवून निथळलेले कोकोपीट एवढे पुरते. तळाची छिद्रे मोकळी आहेत ना, हे माती भरण्यापूर्वीच पाहावे.

उन्हाचा विचार मात्र सावकाश करावा लागतो, कारण एकाच खिडकीतले ऊन वर्षभर सारखे नसते. मुंबई-पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत माध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो. त्यामुळे डिसेंबरमध्ये ओट्यापर्यंत ऊन देणारी दक्षिणेची खिडकी त्या काळात जवळजवळ सावलीत जाते. पूर्वेचे सकाळचे ऊन या तिन्ही रोपांना मानवते, तर पश्चिमेच्या खिडकीत एप्रिल-मे महिन्यांत कोथिंबीर व पुदिना करपतात. खिडकीत किती तास ऊन येते, हे एखाद्या सुटीच्या दिवशी घड्याळ लावून पाहावे. चार तासांहून कमी असेल तर कढीपत्त्याचा हट्ट धरू नये, पुदिन्यावर समाधान मानावे.

कोथिंबिरीचे रोप विकत आणू नये, कारण तिचे सोटमूळ हलवलेले तिला सोसत नाही. किराणा दुकानातील धणे चालतात, पण ते जुने नसावेत. वीसेक धणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्यास किती रुजतात हे आठ-दहा दिवसांत कळते. पेरण्यापूर्वी धणे पोळपाटावर वाटीच्या बुडाने हलकेच रगडावेत, म्हणजे प्रत्येकाच्या दोन फोडी होतात व प्रत्येक फोडीतून एक अंकुर येऊ शकतो. फोडी रात्रभर भिजवाव्यात आणि किमान सहा इंच खोल, पसरट कुंडीत अर्धा इंच मातीखाली पेराव्यात. साधारण चाळीस दिवसांत कोथिंबीर कापणीला येते. नवरात्रापासून जानेवारीपर्यंतच्या पेरण्या उत्तम साधतात. उन्हाळ्याच्या तापमानात ती पाने सोडून लवकर तुऱ्यावर जाते, आणि त्यात आपली काहीही चूक नसते. म्हणून एक कुंडी जपत बसण्यापेक्षा तीन कुंड्यांत पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने पेरणी करावी. कुंडीतून जुडीएवढी कोथिंबीर रोज निघणार नाही. आमटीवर, पोह्यांवर भुरभुरण्यापुरती मिळेल, हे आधीच मान्य करावे.

पुदिन्यासाठी बाजारच्या जुडीतील जाड दांडे निवडून खालची पाने काढावीत व दांडे पाण्यात ठेवावेत. आठवडा-दहा दिवसांत मुळे फुटली की ते पसरट कुंडीत लावावेत. सुटी पाने न खुडता, दांड्यावर जिथे पाने फुटतात त्या पेराच्या वरून शेंडा कापावा, म्हणजे दोन फुटवे येतात. वर्षातून एकदा कुंडी रिकामी करून, पांढरी धावती खोडे तोडून ताज्या मातीत पुन्हा लावावीत.

कढीपत्त्याला बारा इंचांची कुंडी, भरपूर ऊन आणि दोन पाण्यांमध्ये थोडा कोरडेपणा लागतो. थंडीत त्याची वाढ थांबते, काही पाने गळतातही. अशा वेळी पाणी कमी करावे, खत घालू नये, आणि होळीच्या सुमारास नवे कोंब येईपर्यंत धीर धरावा. फोडणीसाठी पाने ओरबाडू नयेत, फांदीचा शेंडा कात्रीने कापावा. पातळ आंबट ताक घालण्याची रीत घरोघरी आहे आणि ती पाळायला हरकत नाही, पण त्याने शेणखताची उणीव भरून निघत नाही. पावसाळ्यात कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखा तपकिरी-पांढरा ठिपका दिसला, तर तो नीट न्याहाळावा. बहुधा ती फुलपाखराची अळी असते, पुढे ती हिरवी होते आणि लहान रोप काही दिवसांत निष्पर्ण करते. ती मारू नये. पानासकट उचलून आवारातील लिंबाच्या (कडुलिंबाच्या नव्हे) झाडावर नेऊन ठेवावी, तिथे तिला पुरेल एवढा पाला असतो.