कल्पित भाषेतील जुन्या नावांची दुरुस्ती

कथेसाठी रचलेल्या माझ्या कल्पित भाषेत जोडाक्षरातील 'र' गाळण्याचा नियम मी उशिरा केला. त्यामुळे 'ध्रेम' म्हणजे नदी, हा शब्द 'धेम' झाला. परंतु 'ध्रेमोस', अर्थात नदीकाठ, हे नगर नकाशावर तसेच राहिल्याने त्याचा अर्थच लागेना. नाव सरसकट बदलले असते, तर आधी लोकांना वाचायला दिलेल्या कथा चुकीच्या ठरल्या असत्या.

उत्तर गोदावरीकाठीच सापडले. नाशिकहून खाली वाहत ती ज्या पैठणला पोहोचते, त्याचे प्राचीन नाव 'प्रतिष्ठान'. बोलण्यात ते झिजले, तरी संस्कृत शब्द 'संस्था' या अर्थाने मराठीत आजही नांदतो. म्हणून शिलालेखांत 'ध्रेमोस' ठेवून लोकांच्या तोंडी मी 'धेमोस' घातले. व्यक्तिनामांना मात्र, काहीशा हट्टानेच, हात लावला नाही.