सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाचा घरचा व्यायाम: या चुका टाळा

सेरेब्रल पाल्सीत मेंदूच्या इजेमुळे हालचालींवरचा ताबा बिघडतो. लंगोट बदलताना मुलाचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात आणि आपण घोटे धरून ते जोरात फाकवतो. असं करू नका. स्पास्टिक, म्हणजे आखडलेल्या, स्नायूला झटका बसला की तो आणखी आवळतो. आधी दोन्ही गुडघे हळूच पोटाकडे दुमडा, हात मांडीवर, गुडघ्याच्या जरा वर ठेवा आणि थोडं थांबा. स्नायू सैल पडल्याचं हाताला कळतं, मग पाय सावकाश बाजूला न्या. आजी-आजोबांनाही हे करून दाखवा, कारण दिवसभर मूल त्यांच्याकडेच असतं.

सगळा व्यायाम आपणच करून देणं ही त्याहून मोठी चूक. पाय कितीही वेळा वाकवून सरळ केला, तरी मूल त्यातून उभं राहायला शिकत नाही. स्वतः धडपडलं तरच मेंदू शिकतो. स्टुलावर बसलेल्या मुलाचं आवडतं खेळणं समोरच्या खाटेवर ठेवा, त्याला उठू द्या. वेळ लागेल, पण हात लावायची घाई नको. मालिश जरूर करा, मात्र व्यायामाची जागा ती घेऊ शकत नाही.

आत बसवायचा गोल बेबी वॉकर आणू नका. त्यात मूल चवड्यांवर ढकलत राहतं, टाच टेकतच नाही, शिवाय उलटण्याचा धोका असतो.

एएफओ स्प्लिंट (घोटा आणि पाऊल नीट धरून ठेवणारा आधार) कपाटात पडून राहतो तो बहुतेक वेळा टोचतो म्हणून. आत सुती मोजा घाला, टाच पार मागे टेकवा आणि घोट्यावरचा पट्टा आधी आवळा. काढल्यावर लाल वळ अर्ध्या तासात गेला नाही, तर स्प्लिंट दुरुस्त करून घ्या. आखडलेला स्नायू सैल करणारं बोटॉक्सचं इंजेक्शन दिलं असेल तर स्प्लिंट घालणं फार महत्त्वाचं, कारण त्याचा असर साधारण तीन महिनेच राहतो आणि व्यायामाचा खरा फायदा त्याच काळात होतो.

दुखत नाही म्हणून खुब्याचा एक्स-रे टाळू नका. स्वतः न चालणाऱ्या मुलांत खुबा हळूहळू सरकतो आणि सुरुवातीला काहीच जाणवत नाही. एक्स-रे कधी, किती वेळा काढायचा ते ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

खर्चामुळे थेरपी सोडण्याआधी केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या ‘निरामय’ आरोग्य विम्याची चौकशी करा. १ लाखापर्यंतच्या या विम्यात थेरपीही येते. जिल्ह्याच्या डीईआयसी केंद्रातही, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणींवर लवकर उपचार करणाऱ्या सरकारी केंद्रात, जाऊन या.

आणि एक. सेरेब्रल पाल्सीत मेंदूची इजा वाढत जात नाही. त्यामुळे काल बसणारं मूल आज बसेनासं झालं, तर व्यायाम वाढवू नका, डॉक्टरांना दाखवा.